पैसे तालमीला द्या

मुलांच्या नाटकासाठी कोणाकडेही पैसे मागायला जा, शाळेच्या मॅनेजमेंटकडे, सरकारी ऑफिसात, एखाद्या कंपनीच्या सीएसआरवाल्यांकडे, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या विभागाकडे, पहिला प्रश्न ठरलेला असतो, शो कधी आहे? दुसरा, पाहुणे कोण येणारेत? तालीम कुठे होते, घेतं कोण, वर्षभर चालते की पंधरा दिवसांत उरकता, त्या घेणाऱ्या माणसाला महिन्याला किती देता, यातलं काही कोणी विचारत नाही. मग पैसे मिळालेच तर ते जातात हॉलच्या भाड्यात, भाड्याच्या ड्रेसमध्ये, साउंडवाल्याला, व्हिडिओवाल्याला, आणि स्टेजच्या मागे लावायच्या त्या भल्यामोठ्या बॅनरला, ज्यावर मुलांपेक्षा देणगीदारांची नावं मोठ्या अक्षरात असतात.

माझं म्हणणं असं की मुलांच्या नाट्यशिक्षणाला खरंच पाठिंबा द्यायचा असेल तर तो शोला नको, तालमीला द्या. दर आठवड्याला, वर्षभर, हे काम शिकलेल्या माणसाच्या हाताखाली होणाऱ्या तालमीला. शेवटी प्रयोग झाला तर उत्तम, नाही झाला तरी काही बिघडत नाही.

हे बोललं की आधी नाटकवालेच चिडतात. प्रेक्षकच नाही तर ते नाटक कसलं? मोठ्यांच्या नाटकाबद्दल शंभर टक्के मान्य. पण आपण आठ-दहा-बारा वर्षांच्या पोरांबद्दल बोलतोय, आणि या बाबतीत इंग्लंडमधल्या पीटर स्लेड या नाट्यशिक्षकाने १९५४ साली आपल्या पुस्तकात स्पष्ट मांडलं होतं की लहान मुलांचं नाटक ही त्यांची स्वतःची वेगळी गोष्ट आहे, मोठ्यांच्या रंगभूमीची छोटी कॉपी नाही, त्यांना घाईघाईने स्टेजवर उभं करून लोकांसमोर सादर करायला लावलं की खेळातला खरेपणा जातो आणि उरते फक्त मिरवणूक. सत्तर वर्षं झाली त्याला. आणि आपण अजून चार वर्षांच्या बाळाला दाढी चिकटवून ऐतिहासिक संवाद म्हणायला लावतो, बाळ रडतं, लोक हसतात, व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर जातो.

बरं, मुलांनी नाटक का करावं, याची जी कारणं आपण नेहमी देतो तीच मुळात लंगडी आहेत, हे नाटकाच्या बाजूच्या लोकांनी तरी मान्य करायला हवं. नाटकाने कॉन्फिडन्स वाढतो, मार्क वाढतात, इंटरव्ह्यूला उपयोग होतो. म्हणजे नाटक हे गणिताचं टॉनिक म्हणून विकायचं. यात धोका असा की उद्या कोणी मोजून दाखवलं की मार्क काही वाढत नाहीत, तर तुमची सगळी केसच गेली. आणि मोजलंय लोकांनी. २०१३ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने कलाशिक्षणावरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात वर्गात गोष्टी अभिनयाने करून बघितल्या की मुलांची भाषा, वाचन, आकलन सुधारतं याचा चांगला पुरावा सापडला, दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणं आणि आपल्या भावना सांभाळणं याबाबतीतही थोडाफार सापडला, पण नाटक केल्याने एकूण शैक्षणिक प्रगती वर जाते असा पुरावा मिळाला नाही. मला विचाराल तर ही वाईट बातमी नाहीच. नाटक जे करतं ते करतंय, जे करत नाही त्याचं श्रेय घ्यायला आपण का धावतोय.

यावरून आठवलेला एक अभ्यास तर फारच गमतीशीर आहे. ग्लेन शेलेनबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने टोरांटोजवळ सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले, एकाला कीबोर्ड, एकाला गाणं, एकाला नाटक आणि एकाला काहीच नाही, आणि वर्षभराने बुद्ध्यांक मोजला. त्याला बघायचं होतं संगीताचं. नाटकाचा गट तुलनेपुरता ठेवलेला, म्हणजे संगीत सोडून दुसरा कुठलातरी क्लास लावला तर काय होतं हे कळावं म्हणून. २००४ मध्ये निकाल छापून आला, संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा थोडासा जास्त वाढला होता आणि मग जगभर पालकांनी पोरांना कीबोर्डच्या क्लासला घातलं. पण त्याच पेपरमध्ये होतं की चार गटांपैकी फक्त नाटकवाल्या मुलांचं सामाजिक वागणं सुधारलं, इतरांशी जुळवून घेणं, मिसळणं वगैरे, आणि संगीतवाल्यांत तसं दिसलं नाही. या निकालाची हेडलाईन झालेली मी कुठे बघितली नाही. नीट वागता येणं या गोष्टीला बाजारात भाव नाही, दुसरं काय.

तर तालमीत नेमकं होतं काय ते जरा जवळून बघू. एक अगदी साधा खेळ घ्या. एकच वाक्य, 'मी ठीक आहे'. तेरा-चौदा वर्षांची वीस-बावीस मुलं गोल बसलीत. एक मुलगी उठते आणि ते वाक्य म्हणते, पण मनात तिने कोणीतरी ठरवलंय जिला किंवा ज्याला ती हे सांगतेय, आणि बाकीच्यांनी ओळखायचं की समोर कोण आहे. पहिल्या फेरीत सगळे ओव्हरॲक्टिंग करतात, डोळे पुसतात, छाती बडवतात, हशा होतो, ठीक आहे, तो व्हायला पाहिजे. दुसऱ्या फेरीला घेणारी ताई एवढंच सांगते की हात मागे बांधा आणि चेहऱ्याने काही करू नका. आता मुलं अडकतात. मग एखादा मुलगा ते वाक्य अर्धा सेकंद उशिरा म्हणतो, नजर किंचित बाजूला, आणि समोरून लगेच दोन-तीन जण ओरडतात, आईला सांगतोय! कसं कळलं? कोणालाच नीट सांगता येत नाही. 'तो थांबला ना मध्ये.' 'लवकर संपवायचं होतं त्याला.' 'मी पण असंच सांगतो घरी.' हे शेवटचं वाक्य एका मुलाच्या तोंडून निसटतं, एक क्षण शांतता, आणि ताईने जर हे काम शिकलेलं असेल तर ती तिथे त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करत नाही, 'अच्छा' म्हणून पुढच्याला उठवते, आणि क्लास सुटल्यावर त्याच्याशी बोलायचं हे डोक्यात ठेवते.

या पंधरा मिनिटांत मुलं काय शिकली? की माणसं जे बोलतात आणि त्यांना जे म्हणायचं असतं यात फरक असतो, तो ऐकू येतो, ऐकायचा ठरवला तर. नटाच्या भाषेत त्याला सबटेक्स्ट म्हणतात, पण हे कळायला नट व्हायची काय गरज आहे, डॉक्टरला पण ते लागतं, कस्टमर केअरवाल्याला पण, आणि बापाला तर सगळ्यात जास्त. या पंधरा मिनिटांना ना ड्रेस लागला, ना हॉल, ना माईक. लागली एक रिकामी खोली, आणि कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे कळणारी एक व्यक्ती. खर्च असेल तर तो या व्यक्तीचा आहे.

आता याच मुलांचा शो तीन आठवड्यांवर आहे असं समजा. हा खेळ होणारच नाही. वेळ कुठाय? दिग्दर्शक म्हणणार, बाळा इथून एन्ट्री, तीन पावलं, प्रेक्षकांकडे बघ, हात वर, आता जोरात बोल, अजून जोरात, मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. मुलाला जमलं नाही की तो स्वतः करून दाखवणार आणि मुलगा त्याची नक्कल करणार. प्रयोगाच्या दिवशी स्टेजवर एकच दिग्दर्शक वीस उंच्यांमध्ये फिरताना दिसतो, सगळ्यांचे हातवारे सेम, हेल सेम, पॉज सेम. पालक म्हणतात किती छान बोलतोय आमचा. बोलत नाहीये तो, म्हणतोय. पाठांतर हे पण एक कौशल्य आहे, मी नाकारत नाही, पण त्यासाठी नाटकाची गरज नव्हती, पाढे होतेच की.

आणि मग कास्टिंग. यावर कमी बोललं जातं म्हणून बोलतो. शोच्या घाईत भूमिका दिसण्यावरून वाटल्या जातात. गोरी मुलगी राजकन्या, सावळा मुलगा राक्षस, जाडा मुलगा विनोदी, आणि ज्याचा आवाज बारीक तो झाड किंवा गर्दीतला तिसरा. ज्या मुलाला वर्गात आधीच जाड्या म्हणून चिडवतात त्याला आपण स्टेजवर आणून हजार लोकांसमोर जाड्या म्हणून हसवतो, टाळ्या पडतात, आणि वर म्हणतो बघा नाटकाने कॉन्फिडन्स दिला. तालमीत, जिथे बघायला कोणी नाहीये, तिथे हाच मुलगा राजा होऊ शकतो, आजी होऊ शकतो, न्यायाधीश होऊ शकतो, एकाच तासात तिन्ही होऊ शकतो. तिथे भूमिका बदलायला पैसे पडत नाहीत ना.

सरकारने असल्या खेळांवर पैसे का घालवायचे, असं विचारणाऱ्यांना मी व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेचं उदाहरण देतो. १९२०च्या दशकात शिकागोच्या हल हाऊस या वस्तीतल्या समाजकेंद्रात नेव्हा बॉइड या बाई स्थलांतरितांच्या मुलांसाठी खेळातून सामाजिक काम शिकवायच्या, स्पोलिन त्यांच्याकडे तयार झाली. पुढे महामंदीच्या काळात अमेरिकन सरकारने रोजगार द्यायला जी प्रचंड योजना काढली होती त्यात १९३९ ते १९४१ या काळात ती शिकागोत नाटकाची सुपरवायझर होती. समोर वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुलं आणि मोठी माणसं, एकमेकांची भाषा धड येत नाही, त्यांना व्याख्यान देऊन अभिनय शिकवणार कसा? म्हणून तिने खेळ बनवायला घेतले, प्रत्येक खेळात एकच अडचण, ती सोडवायची, सोडवताना अभिनय आपोआप होतो. १९६३ मध्ये ते खेळ पुस्तकात आले. मधल्या काळात तिच्या मुलाने, पॉल सिल्सने, तेच खेळ घेऊन १९५९ मध्ये शिकागोत साथीदारांबरोबर सेकंड सिटी ही कॉमेडी कंपनी उभी केली आणि तिथून अमेरिकेतल्या टीव्ही आणि सिनेमातल्या विनोदी नटांच्या पिढ्याच्या पिढ्या बाहेर पडल्या. आज जगात कुठल्याही नाट्यशिबिराला जा, पहिल्या दिवशी जे खेळ घेतात त्यातले निम्मे तिचे किंवा तिच्यावरून सुचलेले असतात, घेणाऱ्याला नाव माहीत असो वा नसो. आणि हे सगळं उगवलं कुठून, तर सरकारने गरीब वस्तीतल्या मुलांच्या विरंगुळ्यासाठी दिलेल्या पगारातून. पगार म्हणतोय मी, शोचं अनुदान नाही.

दुसरं उदाहरण डोरोथी हीथकोट या इंग्लिश नाट्यशिक्षिकेचं. १९२६चा जन्म, यॉर्कशरमधली, चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत मागावर काम करत होती. नाटकाच्या शाळेत जायची संधी आली तेव्हा फी भरली ती गिरणीच्या मालकाने. १९५० मध्ये न्यूकॅसलच्या युनिव्हर्सिटीने तिला शिक्षक तयार करायच्या कामावर घेतलं, आणि तिने पुढे जे केलं त्यात वर्गातले शिक्षक स्वतःच भूमिकेत जाऊन मुलांसमोर उभे राहायला लागले. म्हणजे बाई वर्गात येतात त्या बाई म्हणून येत नाहीत, गावचं धरण फुटायची भीती वाटणारी सरपंच म्हणून येतात आणि मुलांना म्हणतात, तुम्ही इंजिनियर ना, सांगा काय करू. आता मुलांना उत्तर माहीत नाही आणि बाईंना 'माहीत नाही'. मग नकाशे निघतात, गणितं निघतात, कोणाचं घर आधी रिकामं करायचं यावर भांडणं होतात, आणि ती भांडणं खरी असतात. प्रेक्षक? एकही नाही. कुठल्याही फोटोत हे नीट येत नाही, फोटोत दिसतात नुसती जमिनीवर बसून वाद घालणारी पोरं. म्हणूनच याला स्पॉन्सर मिळत नाही.

यावर काही लोक म्हणतात की ज्यांना आवड आहे ते पालक क्लास लावतील की, बाजार आहे, शिबिरं आहेत. आहेत. चांगलीही आहेत काही. पण फी भरू शकणाऱ्या घरातल्या मुलांना बोलायला जागा आधीच जास्त असते, त्यांना अजून एक जागा मिळते, एवढंच. ज्या मुलाला घरात, शाळेत, कुठेच तीन वाक्यं सलग बोलू दिली जात नाहीत तो त्या क्लासच्या दारापर्यंत पोचतच नाही. आणि बाजारावर सोडून काय होतं हे इंग्लंडने करून बघितलंय. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने शाळांसाठी एक वेगळी टीम तयार केली, नट-शिक्षकांची, ती शाळेत जायची, मुलांना सामील करून घेऊन नाटक करायची आणि शाळेला काही खर्च नसायचा कारण पैसे स्थानिक प्रशासन आणि कला मंडळाकडून यायचे. हे मॉडेल पसरलं, गावोगावी अशा टीम झाल्या. मग १९८८चा शिक्षण कायदा आला, बजेट शाळांच्या हातात गेलं, ऐकायला किती छान, शाळांना स्वातंत्र्य! शाळांनी स्वाभाविकपणे आधी छप्पर आणि पुस्तकं बघितली, नाटकाच्या टीमला पैसे मोजायची वेळ आली तेव्हा नाही म्हणाल्या, आणि एकेक करत बहुतेक टीम बंद पडल्या. मुलांना नाटक नको होतं म्हणून बंद पडल्या नाहीत, पैसे कोणाच्या खिशातून जायचे हे बदललं म्हणून पडल्या. पुढे २०१०ला तिथल्या सरकारने शाळांचं मोजमाप ज्या ठरावीक विषयांवर करायला घेतलं त्यात कलेचा एकही विषय नव्हता, आणि त्यानंतरच्या वर्षांत ड्रामाची परीक्षा देणारी मुलं कमी कमी होत गेली. शाळा मूर्ख नसतात, ज्याचे मार्क मोजले जातात तेच त्या शिकवतात.

इथे तो नेहमीचा मुद्दा येतो, आधी बेंच द्या, पाणी द्या, मग नाटकाचं बघू. मला हा मुद्दा उडवून लावायचा नाही कारण तो प्रामाणिक माणसंही मांडतात. पण एक लक्षात घ्या, तालमीला लागणारा पैसा हा इमारतीच्या पैशासारखा नाहीच. खोली शाळेत असते, मुलं शाळेत असतात, तास वेळापत्रकात बसवायचा असतो. नवीन लागतो तो एका माणसाचा पगार, आणि तो एकटा आठवड्यात चार-पाच शाळा करू शकतो. बेंच आणि नाटक यांची भांडणं लावली की दोन्ही मिळत नाहीत असा अनुभव आहे, बेंचचे पैसे नाटकाने कधी खाल्ले नाहीत, ते खाणारे वेगळे. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम ३१ वाचा, विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात पूर्णपणे भाग घेणं हा मुलांचा हक्क म्हटलाय तिथे. पोट भरल्यावर उरलं तर द्यायची गोष्ट असं म्हटलेलं नाही.

मग नाटक बघणं? तेही शिक्षणच आहे आणि त्याला पैसे द्यावेत याबद्दल वादच नाही. अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठाच्या लोकांनी शाळांच्या गटांना लॉटरीने नाटक बघायला पाठवलं आणि काहींना त्याच गोष्टीचा सिनेमा दाखवला, २०१८ मध्ये निकाल छापले, तर प्रत्यक्ष नाटक बघितलेल्या मुलांत सहिष्णुता आणि दुसऱ्याच्या नजरेतून बघणं जास्त दिसलं, गोष्टही त्यांना जास्त नीट कळली होती. मराठीत तर मुलांसाठी नाटक करायची मोठी परंपरा आहे, सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढलं, १९८६ पासून मोहन आगाशेंनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत इकडे आणली, ज्यात मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि विषय परीराणीचे नसून मुलांच्या रोजच्या भांडणांचे, भीतीचे असतात. हे सगळं हवंच. पण प्रेक्षागृहातल्या खुर्चीत बसलेल्या मुलाला निर्णय घ्यावा लागत नाही. तालमीत लागतो.

आणि आता खरी गोम. संस्थांना तालीम आवडत नाही याचं कारण फक्त पैसे नाही. तालमीत मुलं काय बोलतील याची गॅरंटी नसते. म्हणून मग संहिता ठरवून दिली जाते, पाणी वाचवा, झाडं लावा, मोबाईल वाईट, आईवडिलांचं ऐका. मुलं स्टेजवर येऊन घोषणा देऊन जातात. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल या नाट्यदिग्दर्शकाने फोरम थिएटर नावाचा प्रकार काढला, त्यात अन्याय झालेला प्रसंग करून दाखवायचा, मग परत पहिल्यापासून सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांपैकी ज्याला वाटेल त्याने 'थांबा' म्हणून मध्ये घुसायचं आणि त्या पात्राच्या जागी उभं राहून वेगळं काहीतरी करून बघायचं. नव्वदच्या दशकात तो रिओ शहराच्या परिषदेवर निवडून आला तेव्हा याच पद्धतीने लोकांकडून सूचना घेऊन त्याने १३ कायदे करून घेतले. आता हा प्रकार नववीच्या वर्गात करा आणि विषय मुलांनाच ठरवू द्या. पर्यावरण निघणार नाही. निघेल तो मधल्या सुट्टीत पैसे काढून घेणारा वरच्या वर्गातला पोरगा, किंवा मुलींच्या टॉयलेटची तुटलेली कडी, किंवा सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवणारे सर. सर तिथेच मागे बसलेत! अशा वेळी संस्थेला पाठिंबा परत घ्यावासा वाटतो. नाट्यशिक्षण हवं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावं की हा प्रसंग आपल्या शाळेत झाला तर आपण सरांच्या बाजूने बोलणार की मुलांना प्रसंग पूर्ण करू देणार. कारण भाषणकला आणि नाटक यातला फरक नेमका इथे आहे, भाषणात एकाचंच खरं असतं, नाटकात समोरच्यालाही वाक्यं असतात, सरांची भूमिका करणाऱ्या मुलाला पण सर असं का वागतात ते शोधायला लागतं, आणि ते शोधताना त्याचा राग कमी होत नाही पण बदलतो.

आणखी एक, कडू आहे पण सांगायला हवं. वाईट नाट्यशिक्षण हे नाट्यशिक्षण नसण्यापेक्षा वाईट. रडण्याचा सीन यावा म्हणून मुलाला त्याच्या मेलेल्या आजोबांची आठवण काढायला लावणारे महाभाग आहेत. सगळ्यांसमोर अपमान केला की अभिनय सुधारतो असं मानणारे आहेत. गुरू म्हणून अंगाला हात लावायची परवानगी आपोआप मिळते असं समजणारेही आहेत. खोलीचं दार बंद, मोठा माणूस एक आणि मुलं भारावलेली, यात जे धोके आहेत ते आहेतच. त्यामुळे पाठिंबा बिनशर्त नसावा. कोण शिकवतोय, त्याने कुठे शिकलंय, दुसरा मोठा माणूस खोलीत असतो का, मुलाने 'मला हे करायचं नाही' म्हटलं तर काय होतं, हे विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नये. पोरांना 'नाही' म्हणता येत नसेल तिथे बाकी काय शिकवणार कप्पाळ.

स्पर्धांबद्दल मी थोडक्यात आटपतो कारण या विषयावर नाटकवाल्यांशी भांडून घसा बसलाय. मोठ्या मुलांच्या स्पर्धा राहू देत, कॉलेजातल्या पोरांना त्या ईर्ष्येतून बरंच मिळतं. पण प्राथमिकच्या मुलांच्या अभिनयाला पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ देऊन काय मिळतं? परीक्षकांना आवडेल असं रडणारी मुलं तयार होतात, आणि संघातली बाकीची मुलं बक्षीस घेणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. जे काम एकत्र करायचं म्हणून निवडलं त्यातच फूट.

मुलं तर आता मोबाईलवर रोजच अभिनय करतात, रिल्स काढतात, मग वेगळा तास कशाला, हेही एकाने मला विचारलं. रिलमध्ये नको असलेला टेक डिलीट करता येतो. आणि समोर कोणी नसतं, फक्त स्वतःचाच चेहरा. तालमीत समोरची मुलगी वाक्य विसरली तर तुम्हाला काहीतरी करावं लागतं, आत्ता, लगेच, आणि तिला वाचवता वाचवता सीन पण वाचवावा लागतो. विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलेला मुलगा, जो स्टेजवर कधीच दिसणार नाही, त्याला सगळ्यांची वाक्यं पाठ असतात आणि कोण कुठे अडखळतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तो नेमका किती सेकंद थांबून शब्द सोडतो यावर स्टेजवरच्या मुलीची अब्रू असते, लवकर सोडला तर ती मुलगी खवळते, मी बोलणारच होते, उशीर केला तर सीन पडतो. असं काम त्या वयाच्या मुलाला दुसरीकडे कुठे मिळतं मला माहीत नाही.

आपल्याकडे २०२०च्या शिक्षण धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर असा भेद ठेवायचा नाही असं लिहिलंय, २०२३च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणात नाट्यकलेलाही जागा आहे. कागद चांगला आहे. पण कागदावर विषय आला म्हणून शाळेत शिक्षक येत नाही, मग तो तास चित्रकलेच्या किंवा पीटीच्या सरांकडे सरकतो, आणि तो तास शेवटी गणिताचा पोर्शन पूर्ण करायला जातो, हे कोणाला सांगायला नको. माणसं नाहीत असं मात्र नाही. नाटक करणाऱ्या कितीतरी पोरापोरींचे दिवस रिकामे असतात, प्रयोग संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, शाळा दिवसा. त्यांना मुलांबरोबर काम करायचं रीतसर प्रशिक्षण द्या, कारण चांगला नट म्हणजे चांगला शिक्षक असं अजिबात नसतं, आणि मग मानधन तासावर न देता महिन्याला द्या, तयारीचा वेळ आणि प्रवास धरून, सुट्टीतले दोन महिनेसुद्धा. ते दोन महिने कापले की तो माणूस मालिकेच्या शूटिंगला जातो, जाणारच, त्याला घरभाडं भरायचंय, आणि शाळा उघडल्यावर त्या वीस मुलांसमोर परत नवीन कोणीतरी उभा राहतो ज्याला त्यांची नावंही माहीत नसतात.